मागचं डावं चाक

सकाळी सव्वासहाला घाट उतरून जाणारी बस डेपोच्या फाटकातून बाहेर पडली, आणि फिटरच्या हातातला चहाचा पेला तोंडापर्यंत गेलाच नाही. तिचं मागचं डावं चाक त्याने काल पाहिलं नव्हतं.

चाक बसवलं होतं मामांनी. मामा म्हणजे त्याच्या बायकोचे सख्खे मामा. त्याला या डेपोत चिकटवणारेही तेच. अलीकडे त्यांच्या मनगटात जोर उरला नव्हता. नट आवळल्यासारखे दिसायचे, आवळलेले नसायचे.

पूर्वी असता तर फिटरने डेपो डोक्यावर घेतला असता. पण लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, पहिल्या दिवशी, कपाळावर राखेचा क्रूस असताना, त्याने प्रभूला शब्द दिला होता : ईस्टरपर्यंत तोंडून एकही कठोर शब्द निघणार नाही. चूक मऊ शब्दांत कशी सांगायची, हे त्याला जन्मात जमलं नव्हतं. म्हणून तो गप्प बसला. पाळी संपवून मामा डबा उचलून गेले, की तो पाना घेऊन त्यांची सगळी चाकं पुन्हा आवळायचा. घरी पोचेपर्यंत कंबरेचा काटा ढिला व्हायचा.

बायको पाठीला मलम चोळताना म्हणायची, "ओरडत नाहीस ते झकासच. पण इतका दमतोस तरी कशाने?"

तो नुसता हसायचा. पाळकांनी चर्चमध्ये त्याच्या सौम्यतेचं कौतुक केलं, त्या रविवारी त्याला पाठदुखीसुद्धा गोड वाटली होती.

काल शेवटच्या बसपाशी तो बाकावर जरा टेकला आणि त्याचा डोळा लागला. जाग आली ती जड डोक्याने. एक चाक राहिलंय हे ध्यानातच आलं नाही. तो तसाच घरी गेला.

आता पेला तसाच ठेवून तो कंट्रोल केबिनकडे धावला. मामा तिथे हजेरी लावत होते. कंडक्टरचा फोन पुन्हा पुन्हा लावता लावता त्याने मामांना सगळं सांगून टाकलं.

"कधीपासून करतोयस हे?" मामांनी विचारलं.

"लेंट लागल्यापासून."

"आणि रोज सकाळी मला हसून नमस्कार घालत होतास!"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, मामा."

"वाटलं असतं की! वाटू द्यायचं होतंस. पाना खाली ठेवून गपगुमान स्टोअरला हलक्या कामावर जाऊन बसलो असतो." मामांचा आवाज खाली आला. "माझं मन राखलंस, ते कुणाच्या जिवावर रे?"

फिटरने फोन कानाला घट्ट लावला. एवढ्यात पलीकडे फोन उचलला गेला.

"काय पास्टर! सकाळी सकाळी आशीर्वाद?" डेपोत हल्ली सगळे त्याला पास्टर म्हणत. मागे प्रवाशांचा गलका होता.

"अरे, जरा ड्रायव्हरला सांगतोस का, मागचं चाक..."

"काही ऐकू येत नाही! उतार लागलाय. खाली पोचलो की करतो. आमेन!"

"गाढवा, थांबव ती गाडी! आत्ताच्या आत्ता! चाक निघेल!"

केबिनमधली माणसं जागच्या जागी थिजली. पलीकडचं हसणं बंद झालं. मग ब्रेकचा लांबलचक आवाज आला, आणि फोन तुटला.