दहा हजार फूट, पस्तीस अंश

विश्वेश्वररावांनी लेकीचा लॅपटॉप लोखंडी पेटीत ठेवला आणि झाकण लावलं. बनारसच्या दूधविनायक मोहल्ल्यातली त्यांची गच्ची मेच्या उन्हात तापली होती. फटीतून सोडलेला थर्मामीटर दर पाच मिनिटांनी वर ओढून ते आकडा वाचत. रिटायर होऊन अकरा वर्षं झाली, तरी फिजिक्सच्या प्रॅक्टिकलचा आवाज तोच होता.

"एकेचाळीस. मालू, लिही."

"कुठवर चालेल ते कंपनीनं लिहिलंय ना, बाबा. दहा हजार फूट, पस्तीस अंश."

"कंपनीनं बनारसचं ऊन पाहिलंय?"

उद्या मालविका चार सीटच्या विमानातून गंगेच्या पात्राचे फोटो घेणार होती, साडेनऊ हजार फुटांवरून. सगळे फोटो याच लॅपटॉपवर उतरायचे होते. तो बंद पडला तर उड्डाण वाया.

अठ्ठेचाळीसला तो बंद पडला. बाबा खूष झाले.

"वाटलंच. हा खालून हवा ओढतो आणि तू मांडीवर घेऊन बसतेस. वर हवा विरळ, पंखा नुसता फिरेल. ह्याला पाय हवेत."

ते देवघरातला छोटा पाट घेऊन आले आणि त्याला भोकं पाडायला बसले.

"आणि देव?"

"आज ताम्हनात बसतील. ॲडजस्ट करतात ते."

पाटावरचा लॅपटॉप पुन्हा पेटीत गेला. अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास. चालू होता. बाबांनी पेटीवर थाप मारली. मग खाली बघत, भुसा झटकत म्हणाले, "पायलट, तू, कॅमेरा. चौथ्या सीटवर काय?"

"वजनाचं गणित असतं, बाबा."

"हां. असणारच."

दुसऱ्या पहाटे ते उठले नाहीत.

उड्डाण चौदा दिवसांनी झालं. बाबतपूरच्या विमानतळावर पायलट अनिशनं पाट पाहिला.

"मैडम, ऊपर पूजा भी होगी क्या?"

"लैपटॉप इसी पर बैठेगा."

उन्हात उभ्या विमानाची केबिन सत्तेचाळीसवर होती. लॅपटॉप चालू राहिला. विमान उठलं. चार हजार, सात हजार, नऊ. पाटाखाली हात घालून तिनं पंख्याचा वारा चाचपला. साडेनऊ हजारांवर पंचगंगा घाटाच्या पायऱ्या फणीच्या दातांएवढ्या झाल्या आणि पडद्यावर पहिला फोटो उतरला. मग दुसरा. मग भराभर.

"चल रहा है?"

"चल रहा है. एकदम."

थर्मामीटर उचलून तिनं आकडा मोठ्यानं वाचला, "सव्वीस," आणि मागे वळली. चौथ्या सीटवर नुसता पट्टा लावलेला होता.

तिनं तोंडासमोरचा माइक बाजूला सारला.

"वजनाचं काही नव्हतं, बाबा. अनिश म्हणाला होता, घरचं कोणी आणा. तुम्ही वाटभर आकडे वाचाल, म्हणून मी सांगितलं नाही."