पहिल्या खोलीतले काका

“‘चार खेळ जबरदस्त. पाचवा फुकट दिला तरी नको,’” लेकीने लॅपटॉपवरून मोठ्याने वाचलं. “आणि हा दुसरा. ‘पाचव्यात नुसतं चालायचं. चालायचंच असतं तर खाली जाऊन ब्रेड आणला असता, आई सकाळपासून सांगतेय.’”

“त्याच्या आईचं बरोबर आहे,” आई म्हणाली. ती समोर बसून उशीच्या अभ्र्याला बटणं लावत होती.

पाचवा खेळ लेकीचा होता. एका कंपनीने कॉम्प्युटरवरचे पाच खेळ एका संचात बांधून स्वस्तात विकायला काढले होते. पाचही खेळ खेळणाऱ्याच्याच डोळ्यांनी दिसायचे. आपले दोन हात तेवढे समोर, बाकी आपण कुठेच नाही. पहिल्या चार खेळांत त्या हातांत बंदूक होती. लेकीच्या खेळात हात रिकामे, समोर एक बंद दार आणि दारापलीकडे कुणीतरी गुणगुणतंय. किल्ली शोधून दार उघडलं की गुणगुणणं थांबायचं. आत रिकामी खुर्ची असायची. मग ती बाई कोण होती, हे शोधत घरभर हिंडायचं. लेकीने या खेळात जीव ओतला होता. आता गाणारी बाई कुठून आणणार, म्हणून गुणगुणलीही तीच.

लोकांचं नेमकं तिथेच बिनसलं. ‘किल्ली सापडेपर्यंत डोकं उठतं.’ ‘बाईंना कुणीतरी पाणी द्या.’ ‘सूर दर वेळी त्याच जागी घसरतो, हा बिघाड आहे का?’ कंपनीने कळवून टाकलं होतं, की संध्याकाळपर्यंत गुणगुणणं काढा, नाहीतर तुमचा खेळ संचातून काढावा लागेल. काढायला काही अवघड नव्हतं, एक आवाज पुसायचा. पण सकाळपासून तिचा हात धजत नव्हता.

“एकच माणूस माझ्या बाजूने आहे,” ती म्हणाली. “अजून पहिल्याच खोलीत अडकलाय बिचारा. सगळे त्याला पहिल्या खोलीतले काका म्हणतात. काय लिहिलंय बघ. ‘मी आत जात नाही. बाहेर बरं वाटतं. बाईंना गप्प करू नये.’ आणि खाली शंभर जण सांगतायत, काका, किल्ली गालिच्याखाली आहे.”

“आपल्याकडेही एक आहेत तसे.” आईने दोरा दातांनी तोडला. “दिवसभर दुकानात तुझा खेळ लावून बसतात. जन्मभर लोकांची कुलपं उघडली आणि लेकीचं एक दार उघडेना. तुला सांगू नको म्हणालेत हं. लाज वाटत असेल.”

लेक उठलीच.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतभर कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या, आणि त्यांच्याखाली बाबा भलेमोठे हेडफोन लावून एका किल्लीचे दात कानशीने घासत होते. शेजारच्या जुन्या कॉम्प्युटरवर तिचीच पहिली खोली होती, तेच बंद दार. माऊसवर पितळेचा भुगा साचला होता. त्याला बराच वेळ कुणी हात लावलेला नव्हता.

“बाबा, किल्ली गालिच्याखाली आहे.”

बाबांनी एक कान मोकळा केला. “माहितीये. पहिल्याच दिवशी सापडली.”

“मग दार का नाही उघडत?”

“उघडलं होतं की एकदा.” त्यांनी हातातली किल्ली उजेडात धरून पाहिली. “खुर्ची रिकामी. आणि तू गप्प झालीस. मग पुन्हा पहिल्यापासून लावलं.”

“ती मी आहे, हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

“सांगायला कशाला हवं? सूर घसरतो ना. गृहपाठ करायचीस तेव्हाही तिथेच घसरायचा.” ते पुन्हा किल्लीकडे वळले. “पलीकडच्या खोलीत आहेस असं वाटतं. काम बरं होतं.”

लेकीला हसू आलं आणि डोळेही भरून आले, दोन्ही एकदमच. “ते काका तुम्हीच ना?” तिने विचारलं.

“हळू बोल. तुझ्या आईला वाटतं मला दार उघडत नाही. वाटू दे. तेवढीच तिची करमणूक.”

ती परत आली, येताना मधलं दार लोटून घेतलं आणि उभ्यानेच कंपनीला उत्तर लिहिलं. ‘गुणगुणणं राहील. ज्यांना नको असेल त्यांनी दार उघडावं.’ पाठवूनही टाकलं. खेळ संचात राहतो की जातो, ते उद्या कळणार होतं. तरी तिला हलकं वाटत होतं.

“सापडली का यांना किल्ली?” आईने विचारलं.

“नाही.”

“वाटलंच मला.”

लेक पुढच्या तक्रारी बघायला बसली. खेळातल्या एका जिन्याला शेवटची पायरीच नव्हती, ती बसवायला घेतली. कामात डोकं गेलं आणि नेहमीप्रमाणे, आपल्याच नादात, ती गुणगुणू लागली.

पुढच्या खोलीत कानस थांबली. बाबांनी एका कानावरचा हेडफोन बाजूला केला, मग दुसऱ्या कानावरचा. हेडफोन खाली ठेवले तरी आवाज येतच होता. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. मधलं दार नुसतं लोटलेलं होतं, बोटाने ढकललं तरी उघडलं असतं.

ते उठले नाहीत. त्यांनी दुसरी किल्ली घासायला घेतली, आवाज होणार नाही इतकी हळू.