बेटावरचा हुंकार

पाखरांचा नाद असलेल्या एका साहेबाचा आचारी म्हणून मगन काळ्या पाण्याच्या बेटावर जाऊन आला होता. गावी, ब्राह्मणपुरीत, त्याच्या अंगणातल्या कडुनिंबाखाली दुपारी शेंगा फोडता फोडता सगळे त्याच्या गोष्टी ऐकत होते. गोष्टीला हुंकार द्यायचा मान त्याचा बालमित्र भाईदासचा. हुंकार थांबला की सांगणाऱ्यानेही थांबायचं, असा गावचा रिवाज.

"एक पाखरू उडनं, तर पंखसना आवाज आगगाडीसारखा!"

"हं," भाईदास म्हणाला.

मग मगनने आभाळ झाकून टाकणारी झाडं सांगितली, नारळावर चढणारा परातीएवढा खेकडा सांगितला. बायकांचे हात थांबले. भाईदासने असा काही आ वासला की तो हुंकार द्यायचंच विसरला.

"हं," आवाज आला, आणि मगन पुढे बोलत राहिला.

आवाज भाईदासचाच होता. त्याने ओठ चाचपले. "मगन, मी हुंकार दिन्हा नही."

मगनचा चेहरा कौतुकाने फुलला. "तठे जंगलमा मी रोज एकलाच गोष्टी सांगू. तठे बी असाच हुंकार ये. तुन्हाच आवाजमा."

भाईदासने घाईघाईने तोंड उघडलं. त्याच्याआधीच वर कडुनिंबातून हुंकार आला. मगनने मान वर केली आणि भाईदासकडे पाठ फिरवून पुढची गोष्ट सुरू केली.