सीपीयू पुसताना

"पुन्हा शॉक बसला!" नलूने हातातलं फडकं आपटलं. "आग लागो या डबड्याला!"

रघुवीर कॉम्प्युटरवर पत्त्यांचा डाव लावून बसले होते. मान न वळवता म्हणाले, "ओल्या हाताने पुसशील तर बसणारच."

"फडकं कोरडं, हात कोरडा. बघा हवं तर."

"मग मनाचे खेळ."

मनाचे खेळ म्हणे! दिवाळीपासून हेच चाललं होतं. सीपीयूच्या पत्र्याला हात लागला की नलूच्या बोटांना मुंग्या यायच्या, कधी कोपरापर्यंत झिणझिण्या. आणि नवरा म्हणतो, मनाचे खेळ! बाकी त्या मशीनचे लाड विचारू नका. झोपताना त्याला कव्हर, दसऱ्याला हार. जवळ चहाचा कप दिसला तर घर डोक्यावर घेणार. जोडणीसुद्धा यांनीच केलेली. भोईवाड्यातली जुनी खोली, सॉकेटला दोनच भोकं आणि प्लगला तीन पिना. यांनी पकडीने तिसरी, अर्थिंगची पीन मोडली आणि बसवला प्लग. इलेक्ट्रिशियनला बोलवा म्हटलं की, "मी काय उभ्या जन्मात गवत उपटलं?"

तेवढ्यात यशोधन आला, लेकीला घेऊन. ओवी मे महिनाभर आजीकडे राहणार होती. आल्या आल्या ती नलूच्या कमरेला बिलगली.

"यशोधन, तूच सांग रे यांना. आज परत शॉक बसला मला."

यशोधनने बापाकडे पाहिलं. रघुवीरांनी हळूच कपाळाशी बोट नेलं. नलूला ते दिसलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"आई," यशोधन एकदम मऊ आवाजात बोलायला लागला, "बाबा फोनवर सांगत होते. परवा गॅस चालू राहिला, आता हे. परळला डॉक्टरांना दाखवू या एकदा. तोवर ओवीला इथे नको ठेवायला."

"का? मी काय खुळी झालेय?"

"तसं नाही गं. पण तिला तुझ्या भरवशावर कसं सोडू?"

तिने त्याला वाढवलं, त्याच्या लेकीला पाळण्यापासून सांभाळलं, आणि आज तिचा भरवसा नाही! नलूला रडू फुटत होतं, पण ती रडली नाही. ती नवऱ्याकडे वळली.

"सपाता काढा."

"काय?"

"दिवसभर रबरी सपाता घालून बसता, म्हणून तुम्हाला काही कळत नाही. अनवाणी लादीवर उभे राहा आणि लावा हात. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे."

रघुवीरांनी सपाता काढल्या. लादीवर उभे राहिले आणि सीपीयूच्या पत्र्यावर अख्खा तळवा टेकवला. लगेच काढलाही नाही.

"बघ. काही नाही."

"तिथे नाही, मागे. स्क्रूपाशी."

त्यांनी तिथेही हात ठेवला. हसले. "काही नाही गं. उगाच डोक्यात घेतलंयस."

नलूने पडलेलं फडकं उचललं. इतके दिवस ती भांडली ती कशाच्या जोरावर? तिने आपल्या बोटांकडे पाहिलं. खरंच का आपलं डोकं फिरायला लागलंय? गॅस तर राहिलाच होता ना चालू?

"डॉक्टरांची वेळ घेतो," यशोधन म्हणाला. त्याने ओवीची बॅग परत खांद्याला लावली. "चल, ओवी."

"मी नाही येणार! मी आजीकडेच राहणार!"

"आजीला बरं नाहीये, राणी."

"आजी खोटं नाही बोलत! मी बघते हात लावून!" ओवी अनवाणीच सीपीयूकडे धावली.

रघुवीरांनी झडप घालून तिचा दंड पकडला आणि तिला असं मागे ओढलं की खुर्ची उलटली.

"हात लावू नको!" ते किंचाळले. "बसतो शॉक! म्हणून तर सपाता घालतो! आत्ताही बसला मला!"