जोएलचे मत

जोएल आज-उद्याचाच सोबती होता. त्याचे मागणे एकच होते: टेकडीवर, घरच्या दफनभूमीत आईशेजारी जागा. ती टेकडी थोरल्या भावाची, अँब्रोज टिलरी वकिलांची. आणि वकील त्याच्याशी तीस वर्षे बोलले नव्हते.

"निदान भेटून तरी या," वकिलांची बायको लविना म्हणाली. तिने सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी फडक्यात बांधली आणि नवऱ्याआधी जाऊन बग्गीत बसली.

वाटेत कोर्टाची इमारत आली तशी वकिलांनी नेहमीप्रमाणे मान फिरवली. केंटकीत मत चिठ्ठीवर नसे; कोर्टाच्या पायरीवर उभे राहून सर्वांदेखत मोठ्याने सांगावे लागे. १८५७ च्या ऑगस्टात वकील विधानसभेसाठी दुसऱ्यांदा उभे होते; विरुद्ध व्हीटली होता. संध्याकाळी दोन्ही बाजूंची मते सारखी झाली. शेवटचा उरला जोएल. लोक वकिलांना खांद्यावर घ्यायला पुढे सरकले होते. जोएलने टोपी काढली, पायाशी पाहत म्हणाला, "व्हीटली."

सख्खा भाऊ ज्याला मत देत नाही त्याला पक्षाने पुन्हा उभे केले नाही. न्हाव्याच्या दुकानात पावसापाण्याच्या गप्पा निघाल्या तरी कोणीतरी म्हणायचेच, "वकीलसाहेब, आधी धाकट्याचं मत घ्या."

गेल्या वर्षी बायकांना मताचा हक्क मागणारा अर्ज घेऊन शेजारणी आल्या, तेव्हा लविनाने सही केली नाही. एका मताने माणसाचे काय होते ते मी पाहिलंय, एवढेच ती म्हणाली. वकिलांना भरून आले होते.

खाटेवर जोएलची नुसती हाडे उरली होती.

"दादा, जागेचं काय ते सांग."

"आधी तू कारण सांग. तो व्हीटली तुझा कोण लागत होता?"

जोएलने छताकडे पाहिले. "तसं मनात आलं."

"तेव्हाही हेच म्हणालास. खरं सांग आणि आईपाशी नीज. नाहीतर गावच्या दफनभूमीत जा."

जोएलने लविनाकडे मान वळवली. मग म्हणाला, "वहिनी, मुरंबा आणलाय का तुम्ही?"

लविनाने त्याला चमचाभर भरवला. अर्धा उशीवर सांडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. काही न सांगता.

खड्डा कुठे खणायचा, हे विचारायला माणूस आला. वकील म्हणाले, गावात. लविनाने शाल घेतली आणि त्या माणसाला टेकडीवर चल म्हणाली. वकील धापा टाकत मागून आले.

सासूच्या थडग्याशेजारी थोडी जागा सोडून एक लहानसा दगड होता. टॅबिथा, वय वर्षे चार. वकील पहिल्यांदा निवडून राजधानीला गेले त्या हिवाळ्यात त्यांची ही मुलगी तापाने गेली. ते घरी पोचले तेव्हा तिला पुरून नऊ दिवस झाले होते. पेटी जोएलने केली होती. खड्डाही त्यानेच खणला होता.

"इथे खण," लविना म्हणाली. "दोघींच्या मध्ये."

"ज्याने मला धुळीला मिळवलं, त्याला इथे?"

"त्याने नाही." लविना त्या लहान दगडावरचा पाचोळा हाताने बाजूला करत होती. "मला मत नव्हतं. म्हणून त्याचं मागून घेतलं."