आमच्याकडेही!

कल्पना करा, मुलांनो, तुमच्या मांडीवर टॅब आहे आणि पलीकडे कोणीतरी तुमच्याबरोबर एकाच कागदावर हत्ती रंगवतंय. सोंड तुमची, शेपूट तिची. हेब्बाळच्या नव्या घरात, दुपारी चार वाजता, रक्षिता अगदी तशीच बसली होती.

"कोण गं ती?" चपला घालता घालता मल्हाररावांनी विचारलं.

"पवित्रा, अज्जा. माझ्याच वयाची आहे."

"आणि आपले नियम?"

रक्षितानं बोटांवर मोजले. "नाव नाही, शाळा नाही, पत्ता नाही. तिथं माझं नाव निळी खार आहे. आणि हे बघा!" टॅबच्या कॅमेऱ्यावर तिनं आईची टिकली चिकटवली होती.

मल्हारराव हसले. तीस वर्षं शाळेत शिकवलेला माणूस. नात एवढी जपून वागते याचं त्यांना कौतुक वाटलं. तरी त्यांनी खोदून विचारलं, "ती काही विचारते का? कुठं राहतेस, घरी कोण असतं?"

"छे! कधीच नाही. ती आपलंच सांगत बसते. बडबडी आहे नुसती."

"सरी, ठीक आहे. मग भली पोर दिसते. मी दूध घेऊन येतो. स्वल्प उशीर झाला तरी दार कोणाला उघडायचं नाही."

अज्जा गेले. घर गप्प झालं.

जुनी गल्ली सोडून इथं आल्यापासून रक्षिताला एकही मैत्रीण नव्हती. आई व्हाइटफील्डच्या ऑफिसातून दिवेलागणीनंतरच यायची. पवित्रा भेटली आणि दुपारी भराभर सरू लागल्या. दोघींचं जुळायचं तरी किती!

'आमच्या डोक्यावरून सारखी विमानं जातात.'

'आमच्याकडेही!'

'आमच्या बाल्कनीतून तळं दिसतं.'

'आमच्याकडूनही!'

एकदा पवित्रानं पाण्याचा टँकर आल्याचं लिहिलं. तो काही रक्षिताच्या इमारतीत आला नव्हता. 'आमच्याकडे नाही' असं लिहिताना रक्षिताला उगाचच वाईट वाटलं होतं. पण काल पवित्रा म्हणाली, 'आमची लिफ्ट बिघडलीय,' आणि रक्षिता जागच्या जागी उडालीच. 'आमचीही! चार मजले चढून पाय दुखले!'

आज हत्तीचे कान रंगवून झाले, तेवढ्यात पवित्राचा निरोप आला. 'आमची बेल वाजली. तुमची?'

पवित्रानं पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

जिन्याजवळच्या घराची बेल मघाशी किलबिलली होती खरी. पण ती काही आपली नव्हे. 'नाही,' रक्षितानं खरं तेच लिहिलं.

थोडा वेळ गेला. हत्तीवर पवित्राची एकही रेघ उमटली नाही. शेजारच्या विद्याअक्कांची बेल वाजली. दार उघडल्याचा आवाज आला नाही. या वेळी अक्का कामावर असतात.

'आता?' पवित्रानं विचारलं.

'नाही गं. सुळे राहिलेत, रंगव ना!'

मग बाहेर पावलं वाजली. चार-पाच, सावकाश. थांबली.

रक्षिताच्या घराची बेल वाजली.

तिच्या बोटांनी सवयीनं 'हो, आमच्याकडेही' लिहूनसुद्धा टाकलं. पाठवायचं तेवढं राहिलं होतं. इतक्यात दारापलीकडे टिक् टिक् असा बारीक आवाज झाला, आणि इथं पडद्यावर शब्द उमटला.

'आता?'

रक्षितानं आधी टॅबचा आवाज बंद केला. मग लिहिलेली अक्षरं एकेक करून पुसली आणि लिहिलं,

'नाही.'