पुन्हा गेलं का?

बारा चाळीसला पडदा निळा झाला आणि मशीन आपोआप बंद होऊन परत सुरू झालं. सलग तिसरी दुपार. नीलमनं कपाळावर हात मारून घेतला.

"मेल्या, आजच्या दिवस तरी!"

पुण्याच्या ॲनिमेशन स्टुडिओनं तिला तीन संधी दिल्या होत्या. सकाळी अकराला फाईल यायची, पाचच्या आत तयार फिल्म परत पाठवायची. पहिल्या दोन, बिघाड शोधता शोधताच पाच वाजून गेल्यानं, मातीत गेल्या. आजचं जमलं तर पुण्यात नोकरी. नाही तर आहेच इथला, हजीरा भागातला कोचिंग क्लास, रोज सकाळी आठ ते बारा पोरांकडून सफरचंदं रंगवून घ्यायची.

साध्या गतीनं तिच्या कॉम्प्युटरला या कामाला सहा तास लागत, आणि क्लासवरून आल्यावर हातात पाचही उरत नसत. म्हणून तिनं स्वतःच प्रोसेसरची गती वाढवून पन्नासच्या आकड्यावर नेली होती. मग चारच तास. गती वाढवली की व्होल्टेजही वाढवावं लागतं. घोडा पळवायचा तर चंदी हवीच. पण या घोड्याचं काही कळेना. संध्याकाळी चाचणी लावली की तासभर ठणठणीत, आणि दुपारी खरं काम आलं की धडाम.

मोबाईल वाजला. तिचा नवरा, संग्रामसिंह, पडाव भागातल्या ट्रान्सपोर्ट ऑफिसातून.

"पुन्हा गेलं का?"

तिला रडूच फुटलं. अख्ख्या घरात हा एकच माणूस तिच्या बाजूचा. ऑफिसात ट्रक लागलेले असतानाही आठवणीनं फोन करत होता बिचारा.

"गेलं हो. आता काय करू?"

"अरे यार! मी काय सांगणार, मला तर ते चालू-बंदही नीट कळत नाही. बघ, बोलू नये, पण आई मेन स्विच तर पाडत नाही ना? लाईट गेली की सेटिंग उडतं म्हणतात."

"असं कसं करतील त्या?"

"तू पुण्याला जाऊ नये म्हणून काहीही करेल ती. जाऊ दे, टेन्शन मत ले. नाही जमलं तर नाही जमलं. मी आहे ना."

नीलमनं डोळे पुसले आणि मशीन सुरू होताना कीबोर्डवरचं बटण दाबून धरलं. पडद्यावर सेटिंगची तांबडी-काळी पाटी उघडली. गती, व्होल्टेज, सगळं इथेच. गती पन्नासच होती. व्होल्टेज मात्र एक पॉइंट सत्तावीस, हवं होतं बत्तीस.

परवाही सत्तावीसच होतं. तेव्हा वाटलं, आपलंच चुकलं. काल पुन्हा सत्तावीस दिसलं तेव्हा वाटलं, सेव्ह करायचं राहिलं. म्हणून काल संध्याकाळी तिनं बत्तीस केलं, दोनदा तपासलं आणि चिठ्ठीवर '१.३२' लिहून ती कॅबिनेटला चिकटवली.

चिठ्ठी जागच्या जागी होती. आणि चिठ्ठीच्या बाजूला, बटणाच्या अगदी वर, हळदीकुंकवाची दोन ओली बोटं.

तिचं डोकंच फिरलं. तिनं बत्तीस केलं, काम पुन्हा लावलं. बारा पन्नास. आता मध्ये काही झालं नाही तर चार पन्नासला होईल. दहा मिनिटं हातात. ती तशीच देवघरात गेली.

सासूबाई, विजयाबाई, पाटावर मांडलेल्या तलवारीला झेंडूची माळ घालत होत्या. तलवार पणज्यांची, शिंद्यांच्या फौजेतली. शेजारी ट्रकचा पाना आणि जॅकही मांडलेला.

"आईसाहेब, माझ्या मशीनला हात कोणी लावला?"

"मी." त्यांनी मान वर केली नाही.

"कबूल करता वर! लाज नाही वाटत? तीन दिवस माझ्या पोटावर पाय देताय. मेन स्विच पाडता ना तुम्ही?"

"जीभ आवर, नीलम."

"नाही आवरत! मला घरात कोंडून तुम्हाला काय मिळणार आहे?"

विजयाबाई उठल्या. गुडघा दुखत होता, तरी ताठ उभ्या राहिल्या.

"ऐक. सून नवऱ्याला सोडून पुण्याला जाणार, हे मला पसंत नाही. तुझ्या तोंडावर सांगितलंय, परत सांगते. पण आज खंडेनवमी आहे. या घरात ज्याच्या जिवावर माणूस कमावतो ते प्रत्येक हत्यार आज पूजलं जातं. तलवार पूजली, पाना पूजला, तुझी ती पेटीही पूजली. ती उचलून इथं आणवत नाही म्हणून तिथं जाऊन बोटं लावली. पूजलेल्या हत्याराशी दगा करायला मी काय पेंढारी आहे?"

"मग सेटिंग कसं उडतं?"

"स्विच पाडला असता तर फ्रिजमधलं नैवेद्याचं दूध नासलं असतं. जा, बघ जाऊन."

नीलम बोलायला गेली आणि थबकली. लाईट जाऊन उडालं असतं तर सगळंच उडालं असतं. गती पन्नास राहिली नसती. फक्त व्होल्टेज उतरलं होतं, आणि तेही रोज मोजून तेवढंच. हे स्विचचं काम नव्हतं. हे माहितगाराचं काम होतं.

"आईसाहेब," तिचा आवाज खाली आला, "मी नसताना माझ्या खोलीत कोण येतं?"

विजयाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू या पोरीला वेडच लागलंय.

"म्हणजे? तू क्लासला गेलीस की रोज संग्राम बसतो ना त्या तांबड्या-काळ्या पाटीपुढे. तूच सांगून गेलीस म्हणाला."